तीन फुटांवरून पाहा: पाळणाघराच्या अंगणात काय करावे, काय टाळावे

तीन वर्षांचं मूल साधारण तीन फूट उंच असतं. आपण अंगण पाहतो ते पाच फुटांवरून. पुण्यात एका सोसायटीच्या तळमजल्यावर मी बावीस वर्षं पाळणाघर चालवलं. घसरगुंडीच्या पायरीखालून बाहेर आलेला बोल्ट मला दिसला, तो एका मुलीच्या कपाळाला खोक पडल्यावर. ती पायरी मी रोज बघत होते, पण वरून. खालून बघितलं असतं तर बोल्ट नाकासमोरच होता. त्या दिवसापासून आमच्याकडची तपासणी गुडघ्यांवर बसून व्हायला लागली.

खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं आमच्या मावश्यांनी मला शिकवलेलं आहे. पाळणाघर चालवणाऱ्या ताया-काकूंनी, मुलं सांभाळणाऱ्या मावश्यांनी आणि रोज सकाळी मूल त्यांच्या हाती देणाऱ्या आईबाबांनी ते वाचावं.

सकाळी, पहिलं मूल येण्याआधी

करा:

• अंगणाला एक पूर्ण फेरी मारा, हातात सुपली आणि पिशवी घेऊन. काचेचा तुकडा, सिगारेटचं थोटूक, औषधाची अर्धी पट्टी, वरच्या मजल्यावरून पडलेला चिमटा, कुत्र्या-मांजरांची घाण. रात्रीत अंगणात काय काय येऊन पडतं, हे रोज बघणाऱ्यालाच कळतं.

• घसरगुंडी, शिडी, बाक यांच्याजवळ गुडघ्यांवर बसा आणि खालून वर बघा. खिळा, बोल्ट, फाटलेला पत्रा, गांधीलमाशीचं पोळं, सगळं खालच्या बाजूलाच असतं.

• वाळूचा खड्डा असेल तर खुरप्याने वाळू उकरून बघा. संध्याकाळी त्यावर ताडपत्री घाला, नाहीतर मांजरं तिथेच घाण करतात.

• घसरगुंडीवर आपला तळहात टेकवून पाच आकडे मोजा. हात ठेववत नसेल तर ती त्या वेळेपुरती बंद. उन्हाळ्यात पत्र्याची घसरगुंडी दुपारी बाराच्या आधीच चटका देते. प्लास्टिक आणि रबरी चटईही कमी तापत नाही. लहान मुलाची कातडी पातळ असते आणि चटका बसला तरी ते पटकन बाजूला होत नाही, जागच्या जागी रडत बसतं.

• जमिनीखालच्या टाकीचं, सेप्टिक टँकचं, ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण पायाने दाबून बघा. हललं, तिरकं झालं, तडकलेलं दिसलं, तर त्या दिवशी मुलं अंगणात उतरणार नाहीत.

• पिंपं आणि बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला. पाणीकपातीच्या दिवसांत भरून ठेवावंच लागत असेल, तर मोरीच्या दाराला वरच्या बाजूने कडी लावा. दीड वर्षाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकून बघताना ते बादलीत उलटं पडलं, तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही. दोन-तीन इंच पाणीही जीव घ्यायला पुरतं, आणि बुडणारं मूल आवाज करत नाही.

• सरकतं लोखंडी फाटक असेल तर रुळाच्या दोन्ही टोकांचे अडसर जागेवर आहेत का बघा. अडसर झिजला की फाटक रुळावरून सुटून आडवं कोसळतं. त्याला लोंबकळून खेळायला मुलांना फार आवडतं.

टाळा:

• ‘कालच तर बघितलं होतं’ हे वाक्य.

• वर्षानुवर्षं एकाच माणसाने फेरी मारणं. सवयीच्या नजरेला दोष दिसत नाही. आमच्याकडे दर आठवड्याला माणूस बदलायचा. स्वयंपाकाच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी दाखवल्या, ज्या मला तीन वर्षं दिसल्या नव्हत्या.

• मोडलेलं खेळणं दोरी बांधून अडवणं. ती दोरीच नवा धोका होते. शिडी काढून ठेवा, फळी ठोका किंवा ते खेळणं अंगणातून हलवा.

• दुरुस्ती होईपर्यंत ‘जरा सांभाळून खेळा’ असं मुलांना सांगणं. सांभाळायचं काम आपलं आहे.

महिन्यातून एकदा, मोजपट्टी घेऊन

घसरगुंडी, झोपाळे आणि शिड्यांची मापं अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने आपल्या मैदान-पुस्तिकेत फार तपशिलाने दिली आहेत. आम्ही तीच धरली. मुलाचं डोकं इथेही तेवढंच असतं आणि तिथेही.

करा:

• प्रत्येक फट मोजा. साधारण ९ ते २३ सेंटिमीटर यांच्यामधली फट सर्वांत वाईट. मूल आधी पाय घालतं, मग धड सरकतं, आणि डोकं वर अडकतं. पाय जमिनीला टेकत नसतील तर सगळं वजन गळ्यावर येतं. फट एकतर ९ सेंटिमीटरपेक्षा लहान हवी, नाहीतर २३ पेक्षा मोठी. जिन्याचा कठडा, गच्चीची जाळी, फाटकाच्या सळ्या, जंगल जिम, सगळीकडे हेच माप लावा. पट्टी नसेल तर पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापून ठेवा, एक ९ चा आणि एक २३ चा.

• पडल्यावर मूल कशावर पडेल, ते बघा. आपल्याकडे सर्वांत जास्त चूक होते ती इथे. रंगीत जंगल जिमवर पन्नास हजार खर्च होतात आणि खाली पेव्हर ब्लॉक किंवा शहाबादी फरशी तशीच राहते. मूल पडणारच आहे. हात मोडणार की नुसतं खरचटणार, ते खालची जमीन ठरवते. कोबा, फरशी, डांबर, टणक माती, यांच्यावर चढायचं कुठलंही खेळणं नको. हिरवळही पुरेशी नाही. ती तुडवून महिन्याभरात टणक होते. नऊ इंच मोकळी वाळू साधारण चार फुटांवरून पडणाऱ्या मुलाला झेलते, त्याहून उंच खेळण्याला ती पुरत नाही. ही वाळू दर आठवड्याला फावड्याने भुसभुशीत करावी लागते. झोपाळ्याखालची आणि घसरगुंडीच्या तोंडाशी असलेली वाळू पायांनी बाजूला उडून तिथे खळगा पडतो. तो रोज भरा.

• चढायच्या प्रत्येक खेळण्याभोवती सहा फूट मोकळी जागा ठेवा. झोपाळ्याच्या पुढेमागे आणखी जास्त लागते: आडव्या दांडीची जी उंची, तिच्या दुप्पट, दोन्ही बाजूंना. एवढी जागा नसेल तर झोपाळा नको. आम्ही दोन झोपाळे काढून टाकले तेव्हा मुलं आठवडाभर रुसली, आईबाबाही नाराज झाले. त्या जागी चिखलाचा खड्डा केला. झोपाळ्यांची आठवण परत कुणी काढली नाही.

• झोपाळ्याची साखळी ज्या आकड्यात अडकवतात, त्याचं तोंड पूर्ण मिटलेलं हवं. फटीत नाण्याची कड शिरली तर पकड घेऊन दाबा किंवा आकडा बदला. बसायची पाटी रबरी किंवा कापडी असावी. लाकडी आणि लोखंडी पाटी समोरून येणाऱ्या मुलाचे दात पाडते.

• विजेच्या बोर्डावर गळती होताच वीज तोडणारं ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी बसवून घ्या आणि त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा. वीज तुटली नाही तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा. अंगणातला दिव्याचा खांब, पंपाची वायर, कूलरचा लोखंडी सांगाडा पावसाळ्याआधी तपासून घ्या.

• झाडं ओळखा. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, रुई, गुंज, एरंड आणि चंद्रज्योत ही पाळणाघराच्या अंगणात नकोत. चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या, बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं मुठीने खातात आणि उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात जातात. महाराष्ट्रातल्या शाळांमधून अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. बिट्ट्यांनी आम्हीही लहानपणी खेळलो, खरं आहे. पण आम्ही आठ वर्षांचे होतो, दोनचे नव्हतो. कुंडीतलं डिफेनबेकियाचं ठिपक्याठिपक्यांचं पानही चावलं तर तोंड, जीभ सुजते.

• खेळण्यावर आयएसआय खूण बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांना ती सक्तीची आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खोलीत साधारण तीन सेंटिमीटरच्या गोल डबीत मावेल अशी कुठलीही वस्तू नको. बटणासारख्या चपट्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद असलंच पाहिजे. गिळलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू लागते.

टाळा:

• तपासणीच्या आदल्या दिवशी रंग मारणं. रंगाखाली गंज चालूच राहतो, आणि आता तो दिसतही नाही.

• जुने टायर तसेच मांडून ठेवणं. खालून भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून डेंगीचे डास तिथेच वाढतात.

• मोठ्या मुलांच्या बागेतली उंच घसरगुंडी स्वस्तात मिळाली म्हणून आणणं.

• तपासणीच्या वहीत नुसत्या बरोबरच्या खुणा. आमच्या वहीत तीनच रकाने होते: काय दिसलं, कोण दुरुस्त करणार, कधी झालं. तिसरा रकाना रिकामा राहिला की खेळणं बंद.

आग आणि दार

मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात ५ जून २००९ रोजी एका पाळणाघरात आग शिरली आणि ४९ मुलं दगावली. आग लागली होती शेजारच्या गोदामात. बाहेर पडायला पुरेशी दारं उघडली नाहीत. ती इमारत आगीच्या काहीच दिवस आधी सुरक्षा तपासणीत उत्तीर्ण झाली होती, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. आपल्याकडे कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेतल्या आगीत ९४ मुलं गेली. स्वयंपाकाच्या जागेपाशी पेटलेली आग गवती छपराने वर्गांपर्यंत आली. कागद पूर्ण असणं आणि दार उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या दोन नावांनी शिकवलं.

करा:

• बाहेर पडायला दोन दारं ठेवा आणि दुसरं दार रोज एकदा खरोखर उघडून बघा. मुलं पळतील म्हणून कुलूप लावायचा मोह होतो. कुलपाऐवजी पाच फुटांवर कडी लावा, मोठ्या माणसाला किल्लीशिवाय उघडता येईल अशी.

• दर महिन्याला सराव करा, आणि दोन वेळांतून एकदा दुपारच्या झोपेच्या वेळी करा. जागी, चपला घातलेली, रांगेतली मुलं बाहेर काढणं सोपं असतं. झोपलेली बारा मुलं दोन मावश्यांनी किती मिनिटांत काढली, ते घड्याळ लावून बघा. चालणाऱ्या मुलांसाठी फेर बांधलेली लांब दोरी ठेवा, प्रत्येकाच्या हातात एक फेर. रोज ‘आगगाडी’ म्हणून खेळा, म्हणजे त्या दिवशी ती अनोळखी वाटणार नाही.

• इमारतीला २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा लागू असेल, तर अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. सोसायटीला ते दाखवायला सांगा. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते स्वतः बघा, आणि सिलिंडर कसा चालवायचा हे प्रत्येक मावशीने एकदा तरी करून बघितलेलं असू द्या.

टाळा:

• जिन्यात, दारामागे, व्हरांड्यात गाद्या, सायकली, जुनी कपाटं रचणं.

• मुलांच्या खोलीला लागून उघडा गॅस.

मुलं अंगणात असताना

तपासणी सकाळी संपते, देखरेख तिथून सुरू होते. अंगणात मोठं माणूस हजर असणं म्हणजे देखरेख नाही. मावशी कुठे उभी आहे, तिचं तोंड कुणीकडे आहे, आणि मूल पडायच्या आत ती तिथे पोहोचू शकते का, एवढंच बघायचं असतं.

करा:

• अंगण वाटून घ्या. घसरगुंडी एकीची, वाळू दुसरीची, फाटक आणि मोरीची वाट तिसरीची. सर्वांत उंच खेळण्याशी कायम एकजण हाताच्या अंतरावर.

• पाठ कुंपणाला, तोंड मुलांकडे. आपल्या पाठीमागे एकही मूल नको. उभं राहा, चार पावलं फिरत राहा. बसलं की डोळेही बसतात.

• नावाने मोजा, आकड्याने नव्हे. एका संध्याकाळी मी सोळा मुलं मोजून आत घेतली. सोळाच भरली. त्यातला एक सोसायटीतला, शेजारच्या घरचा मुलगा होता. आमची एक मुलगी अंगणातल्या संडासात आतून कडी लावून रडत होती, आणि तिचा आवाज वॉचमनने ऐकला. दहा मिनिटं गेली होती. त्यानंतर आम्ही एकेका चेहऱ्याकडे बघून नाव घ्यायचो, आणि मूल ‘ओ’ द्यायचं. संडासाची आतली कडी दुसऱ्या दिवशी काढली.

• बाहेर जाताना दारात, खेळ चालू असताना दर पंधरा मिनिटांनी, आत येताना पुन्हा दारात नावं घ्या. सगळी आत आली की एकीने रिकाम्या अंगणातून फिरून यायचं: झाडामागे, पाइपात, खेळण्यातल्या घराच्या आत. व्हॅनमधून मुलं उतरली की व्हॅनकाकांनी शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं आणि मगच दार लावायचं. उन्हातल्या बंद गाडीत झोपलेलं मूल फार थोड्या वेळात धोक्यात येतं.

• जागा सोडताना तोंडाने सांगा आणि तोंडाने उत्तर घ्या. ‘वाळूतली सहा आता तुमच्याकडे, मावशी.’ ‘घेतली, सहा.’ नुसती मान हलवलेली चालत नाही. मूल हरवतं किंवा पडतं ते बहुतेक वेळा या अदलाबदलीतच, कारण दोघींनाही वाटत असतं की दुसरी बघतेय.

• कानांनीही राखण करा. गोंगाट चालू आहे तोवर ठीक. एखाद्या कोपऱ्यातला आवाज अचानक थांबला तर तिकडे आधी जा.

• माणसं पुरेशी ठेवा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाळणाघरांच्या किमान मार्गदर्शक सूचना तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती आणि त्यावरच्या वीस मुलांमागे एक, सोबत मदतनीस, असं सांगतात. हे किमान आहे. दोन वर्षांची दहा मुलं चढायच्या खेळण्यांवर असताना एका माणसाला बघता येत नाहीत, असं मी अनुभवाने सांगते. आम्ही पाचांमागे एक ठेवायचो. जमत नसेल त्या दिवशी निम्मी मुलं बाहेर आणि निम्मी आत.

• गळ्यातलं काढून घ्या. काळा दोरा, ताईत, पातळ साखळी, टोपीच्या स्वेटरची नाडी, शिट्टीची दोरी. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला ते अडकतं आणि मूल खाली सरकतं. काळ्या दोऱ्याबद्दल आजीशी बोलताना हसू नका, रागावू नका. ‘आजी, नजर लागू नये म्हणून बांधलाय, तर पायात सैलसर बांधूया का?’ असं विचारलं की बहुतेक आज्या ऐकतात. मावश्यांनीही पदर खोचावा, ओढणी पिनने बांधावी. चक्रीत ती गुंतते.

टाळा:

• मांडीवर मूल घेऊन घसरगुंडीवरून येणं. हे प्रेमापोटी होतं आणि सुरक्षित वाटतं. मुलाचा बूट कडेला घासून अडतो, मोठ्या माणसाचं वजन खाली चालूच राहतं, आणि नडगीचं हाड मोडतं. एकट्याने घसरणाऱ्या मुलाचा पाय अडला तर ते थांबतं. आपल्या वजनामुळे ते थांबू शकत नाही.

• मूल स्वतःहून चढू शकत नाही त्या खेळण्यावर त्याला उचलून ठेवणं. ज्याला चढता येत नाही, त्याला उतरताही येत नाही.

• मोबाइल. यात सवलत नाही. फोन दारापाशी टोपलीत, एक फोन तातडीसाठी प्रमुखाकडे. आईबाबांनो, यात तुमचा वाटा आहे. दर तासाला ग्रुपवर फोटो मागितलात, तर मावशी फोटो काढते, आणि फोटो काढताना ती एकाच मुलाकडे बघते.

• बाकावर मावश्यांचा घोळका. गप्पा माणसाला लागतात. त्यासाठी वेगळी सुट्टी द्या.

• कॅमेऱ्याच्या भरवशावर राहणं. कॅमेरा नंतर काय झालं ते दाखवतो. पडणारं मूल त्याला झेलता येत नाही.

• पाच वर्षांच्या मुलाला ‘तू दादा ना, लक्ष ठेव याच्यावर’ असं सांगणं. काही झालं तर तो आयुष्यभर ते ओझं वाहतो.

• पळताना, घसरताना खाऊ. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न लहान मुलांना बसूनही नको.

• दिवसभर ‘धावू नको, चढू नको, पडशील’. एवढं सगळं वाचून अंगणच बंद करावंसं वाटेल, मलाही दोनदा वाटलं. पण ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या कामाला सुरुवात केली; पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांबरोबर त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दात अंगण आहे ते उगाच नाही. गुडघे खरचटू द्या, फांदीला लोंबकळू द्या, चिखलात बसू द्या. टेंगूळ चालेल. डोकं फुटणं, गळा आवळणं, बुडणं, भाजणं आणि मूल हरवणं चालणार नाही. मावशीची सगळी दक्षता या पाच गोष्टींवर लागली पाहिजे.

पावसाळ्यात

शेवाळलेली फरशी खराट्याने घासा. विटांचे, लाकडांचे ढीग अंगणात ठेवू नका. विंचू आणि साप तिथेच आसरा घेतात. मुलांचे बूट घालण्याआधी झटका. वारा-पाऊस होऊन गेला की झाडांच्या फांद्या आणि होर्डिंगचे पत्रे बघितल्याशिवाय कुणाला बाहेर सोडू नका. पाणी साचलेल्या अंगणात खेळायला हरकत नाही. चेंबरची झाकणं दिसत नसतील तर मात्र पाऊलही नको.

मूल पडलं तर

करा:

• एकजण पडलेल्या मुलाकडे, बाकीच्या लगेच उरलेल्या मुलांकडे. दुसरा अपघात नेमका याच गडबडीत होतो.

• उंचावरून पडलं असेल तर उचलू नका. बोलतंय का, हातपाय हलवतंय का बघा. शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, फिट आली, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त आलं, अवेळी गाढ झोप यायला लागली, तर १०८.

• घशात अडकलं आणि मूल खोकू शकत नसेल, तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घेऊन दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. त्याहून मोठ्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मग मागून पोट आत-वर दाबणं. प्रत्यक्ष शिकल्याशिवाय हे जमत नाही. वर्षातून एकदा सगळ्यांना प्रशिक्षण द्या, स्वयंपाकाच्या मावशींनाही.

• बी किंवा पान खाल्लं असेल तर त्याचा तुकडा बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

• आईबाबांना त्याच दिवशी, आपल्या तोंडून सांगा. ओरखडा असला तरी.

• अपघातवहीत ‘पडला’ एवढंच लिहू नका. कशावरून, कशावर, किती वाजता, कोण कुठे उभी होती, ते लिहा. ‘थोडक्यात वाचलं’ असं वेगळं पान ठेवा. आमच्या त्या पानावर एका महिन्यात चार नोंदी एकाच पायरीच्या आल्या. पायरी बदलली, नोंदी थांबल्या.

टाळा:

• मोडलेल्या हाताला मालीश. जखमेवर चुना, टूथपेस्ट. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालणं. विषारी बी खाल्लं म्हणून मीठपाण्याने ओकायला लावणं.

• मावशीला सगळ्यांसमोर बोलणं. एकदा अशी अब्रू गेली की पुढच्या वेळी ती लपवेल, आणि तुम्हाला काही कळणार नाही.

आईबाबांनी

• पाळणाघर बघायला सकाळी दहाला, सगळं झाडून-पुसून तयार असताना जाऊ नका. संध्याकाळी साडेपाचला जा, मावश्या दमलेल्या असतात तेव्हा. अंगणात उभ्या असलेल्या मावशीच्या नजरेकडे पाच मिनिटं बघत राहा.

• तपासणीची वही मागा. चकचकीत, सगळ्या खुणा बरोबर असलेली वही दिसली तर जास्त प्रश्न विचारा. खाडाखोड, तारखा, गवंड्याचा नंबर लिहिलेली वही बरी.

• मूल कोण नेणार ते लेखी द्या, आणि काकाला किंवा शेजाऱ्याला अडवलं तर रागावू नका.

• ऑफिसात पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय मागा. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ती सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा दिली. त्या भेटीत अंगणही बघा.

• मावशीचा पगार किती आणि तास किती, हे विचारा. दहा तास उभ्या असलेल्या बाईकडून तुम्ही पुरी सावध नजर मागू शकत नाही. फी थोडी वाढली आणि त्यातून आणखी एक मावशी आली, तर तो खर्च घसरगुंडीच्या नव्या रंगापेक्षा कितीतरी उपयोगाचा.

संध्याकाळी, शेवटचं मूल गेल्यावर

दिवे मालवायच्या आधी आणखी एक फेरी. वाळूवर ताडपत्री, पिंपं पालथी, फाटकाला कडी. दिवसभरात मावश्यांच्या नजरेला काय आलं ते विचारा, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा: ‘जांभळाखालची तिसरी फरशी हलतेय. सकाळी पोरांच्या आधी गवंडी.’